नावांची राखण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



या वर्षी आपल्या मंडळाने असे ठरवले की, वर्धापनदिनाला बाहेरच्या वक्त्या न बोलावता आपल्यापैकीच चौघीजणींनी बोलावे, आणि विषय रोजच्या पोळीभाजीच्या बाहेरचा असावा. माझ्या वाट्याला जी चिठ्ठी आली, तिच्यावर लिहिले होते, 'आंतरराष्ट्रीय संस्थेतील माहिती-व्यवस्थेचे वरिष्ठ अधिकारपद.' चिठ्ठी वाचली तेव्हा दोघीतिघींनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने यावर काय बोलावे, असे त्यांना वाटले असेल तर त्यात नवल नाही. परंतु माझी भाची पुण्याला संगणकाच्या कचेरीत कामाला आहे. तिच्यामागे लागून मी महिनाभर हा विषय समजून घेतला, आणि मला असे आढळले की, ज्या बाईने पाच-पन्नास माणसांचे लग्नघर एकदा तरी सांभाळले आहे, तिला या कामाचे मर्म कळायला अडचण पडू नये.

अशी पदे जगातल्या पुष्कळ मोठ्या संस्थांत आहेत. सगळ्यांविषयी बोलत बसले तर नुसती जंत्री होईल. म्हणून मी एकच संस्था धरते. ती म्हणजे स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरी असलेली रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती. ही १८६३ साली स्थापन झाली. युद्धात जखमी झालेले, कैदेत पडलेले आणि घरादाराची ताटातूट झालेले लोक, यांच्यासाठी ती काम करते. जगातल्या नव्वदाहून अधिक देशांत तिची माणसे आहेत. इतक्या ठिकाणचे संगणक, दूरध्वनी, उपग्रहावरून चालणारी यंत्रे, कर्मचाऱ्यांच्या किल्ल्या आणि परवल्या, कंत्राटे, खर्चाचे अंदाज, हे सारे ज्याच्या हाताखाली चालते तो हा अधिकारी. जिथे दिवसाकाठी दोन तास वीज असते आणि खिडकीबाहेर गोळीबार चालू असतो, तिथेही कचेरीचे काम थांबू नये, ही त्याची जबाबदारी.

पण यंत्रांची देखभाल करणारे हाताखाली पुष्कळ मिळतात. त्या पदावरच्या माणसाला खरे ठरवावे लागते ते निराळेच. कोणाविषयी काय लिहून ठेवायचे, ते कोणाला दिसू द्यायचे, आणि काय मुळीच लिहायचे नाही, हे ठरवणे त्याच्याकडे असते. हे मी का म्हणते, ते कळायला आपल्याला संगणकाच्या आधीच्या काळात जावे लागेल.

१९१४ च्या जुलैअखेरीस पहिले महायुद्ध सुरू झाले, आणि पुढच्याच महिन्यात या समितीने जिनीव्हाला युद्धकैद्यांची चौकशी-कचेरी उघडली. सुरुवातीला समितीचे मूठभर सभासद आणि त्यांचे घरचे लोक येणारी पत्रे वाचीत. थोड्याच दिवसांत पत्रांचा असा लोंढा सुरू झाला की, जागा पुरेना. मग शहरातले राथ नावाचे चित्रसंग्रहालय या कामाला मिळाले. भिंतींवरच्या चित्रांऐवजी खोक्यांच्या रांगा लागल्या, आणि वर्ष संपता संपता तिथे सुमारे १,२०० माणसे काम करू लागली. त्यांत बायकांचा भरणा फार मोठा होता. पगार घेणारे थोडे, बाकी सारे स्वखुशीने येणारे. फ्रेंच लेखक रोमां रोलां, ज्यांनी पुढे आपल्या गांधीजींचे आणि रामकृष्ण परमहंसांचे चरित्र लिहिले, तेही त्या कचेरीत बसून हरवलेल्या नागरिकांची पत्रे वाचीत व उत्तरे लिहीत.

ही माणसे करीत काय? ऐका, कारण यातच सगळी युक्ती आहे. समजा, एका आईचे पत्र आले: 'माझा मुलगा अमुक पलटणीत होता, दोन महिने झाले, पत्र नाही.' त्या पत्रावरून एक कार्ड तयार होई. नाव, बापाचे नाव, गाव, पलटण, विचारणारी कोण आणि तिचा पत्ता. दुसरीकडून शत्रूच्या देशाचे सरकार आपण पकडलेल्या कैद्यांच्या आणि मेलेल्यांच्या याद्या पाठवी. त्या यादीतल्या प्रत्येक नावाचेही एक कार्ड तयार होई. दोन्ही प्रकारची कार्डे वर्णानुक्रमे एकाच रांगेत लावीत. कधीतरी असे घडे की, आईचे कार्ड लावायला गेलेल्या बाईला त्याच नावाचे दुसरे कार्ड तिथे अगोदरच बसलेले दिसे. झाले! जोड जमली. मग आईला उत्तर जाई. मुलगा जिवंत असून अमुक छावणीत आहे. किंवा, भगिनींनो, नाही.

सांगायला सोपे वाटते. पण एकाच नावाची शेकडो माणसे असतात. आपल्याकडे एका तालुक्यात तुकाराम पाटील किती निघतील? शिवाय एका देशाचे नाव दुसऱ्या देशाचा कारकून आपल्या कानाला लागेल तसे लिहिणार. 'मेला' हे उत्तर चुकीच्या आईला गेले तर काय होईल, याचा विचार करून प्रत्येक जोड पुन्हा तपासावी लागे. म्हणूनच गाव हवे, बापाचे नाव हवे, पलटणीचा क्रमांक हवा. आपण लग्नाच्या आहेराची यादी करताना 'सुमनताई' एवढेच लिहून ठेवतो आणि पुढे वर्षभर कोणती सुमनताई म्हणून डोके धरून बसतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे प्रश्न साडीचा नव्हता.

त्या युद्धात आपल्याकडचीही हजारो घरे गुंतली होती, हे विसरून चालणार नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी आजच्या इराकमध्ये कूत-अल-अमारा येथे इंग्रजांच्या फौजेने पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. ती फौज सहाव्या पुणे डिव्हिजनची. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीने खंगलेल्या त्या शिपायांना कैदी म्हणून वाळवंटातून चालवीत नेले. त्यातले किती वाटेतच गेले! सातारा-रत्नागिरीकडच्या ज्या घरांतले ते होते, तिथल्या मायबहिणींना जिनीव्हा हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु 'आहे की नाही' हा त्यांचा प्रश्न आणि फ्रान्समधल्या त्या आईचा प्रश्न एकच होता.

त्या कचेरीतला एक मोठा विभाग मार्गरिट क्रॅमर नावाची एक तरुण बाई एका सहकाऱ्याबरोबर चालवीत असे. इतिहास आणि कायदा शिकलेली ही बाई तेव्हा तिशीच्याही आतली होती. या कामातले तिचे कर्तृत्व पाहून १९१८ साली समितीने तिला सभासद करून घेतले. समिती स्थापन होऊन ५५ वर्षे झाली होती, आणि सभासद झालेली ही पहिली स्त्री. तेव्हा 'माहिती-व्यवस्था' हा शब्द कोणी ऐकला नव्हता, पण मला विचाराल तर, आज ज्या पदाविषयी मी बोलते आहे त्या पदावर बसलेली पहिली बाई तीच म्हणावी लागेल. अशी सुमारे ७० लाख कार्डे त्या युद्धाची जमली. वीस लाखांहून अधिक माणसांचे नशीब त्यांत आहे. २००७ साली युनेस्कोने तो संग्रह जगाच्या स्मृतींच्या नोंदवहीत घेतला, आणि २०१४ पासून तो घरबसल्या पाहता येतो. भाचीने मला मोबाईलवर दाखवला. जुन्या बाळंतविड्याच्या पेटीत जपलेल्या चिठ्ठीसारखी ती पिवळी कार्डे पाहून माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

दुसऱ्या महायुद्धात हे काम इतके वाढले की, जिनीव्हाला भोके पाडलेली कार्डे वाचणारी हॉलेरिथ यंत्रे आणावी लागली. कार्डाला ठरावीक जागी भोक पाडायचे आणि यंत्र त्यावरून हव्या त्या पलटणीची कार्डे वेगळी काढून द्यायचे. संगणकाची ही आजीबाई म्हणा.

आता इथे थोडे थांबते, कारण हीच यंत्रे त्याच सुमारास दुसऱ्या एका देशात दुसऱ्याच कामाला लागली होती. जर्मनीत हिटलरच्या राज्यात १९३९ च्या शिरगणतीत प्रत्येकाचे आजी-आजोबा ज्यू होते का, हा प्रश्न विचारला गेला, आणि उत्तरांची मोजदाद याच जातीच्या यंत्रांवर झाली. शेजारच्या हॉलंडची हकीगत तर त्याहून विचार करायला लावणारी आहे. तिथे लोकसंख्येच्या नोंदणीचा प्रमुख याकोब लेंट्स नावाचा गृहस्थ होता. माणूस अतिशय व्यवस्थित. प्रत्येक माणसाचे एक कार्ड, ही पद्धत त्याने १९३६ मध्ये बसवून दिली. जर्मनांनी देश घेतल्यावर त्याने असे ओळखपत्र तयार केले की, त्याची नक्कल करणे जवळजवळ अशक्य. ते १९४१ पासून प्रत्येकाला जवळ बाळगावे लागे, आणि ज्यूंच्या ओळखपत्रावर तसे अक्षर छापलेले असे. हॉलंडमधल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. शेजारच्या बेल्जियम आणि फ्रान्सपेक्षा हे प्रमाण पुष्कळ मोठे. याला कारणे अनेक होती, पण नोंदी इतक्या चोख होत्या हे त्यांतले एक.

२७ मार्च १९४३ च्या रात्री आम्स्टरडॅम शहरातल्या काही चित्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी पोलिसांचे वेष घेऊन तिथल्या नोंदणी-कचेरीत प्रवेश केला. पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध टोचून बाहेर नेऊन ठेवले, म्हणजे त्यांचा जीव जाऊ नये, आणि मग कार्डांच्या कपाटांना सुरुंग लावले. आग विझवायला आलेले बंबवाले मुद्दाम सावकाश आले, आणि उरलेली कार्डेही भिजून जावीत म्हणून पाणी मात्र भरपूर मारले. एवढे करून जेमतेम १५ टक्के कार्डे गेली. त्या मंडळींपैकी बाराजणांना पुढे जुलैमध्ये गोळ्या घातल्या. विल्लेम आरोंडेउस हा चित्रकार त्यांतलाच.

एकीकडे कार्डे जपण्यासाठी रात्रंदिवस राबणाऱ्या बाया, आणि दुसरीकडे कार्डे जाळण्यासाठी जीव देणारी मुले. कार्डावरचा मजकूर तोच. नाव, गाव, बापाचे नाव. मला वाटते, ज्याला माहिती-व्यवस्थेचा प्रमुख व्हायचे असेल त्याला नेमणूकपत्र देण्याआधी या दोन्ही गोष्टी वाचायला लावाव्यात.

रेडक्रॉस समितीने हे ध्यानात ठेवले आहे, असे दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बाहुल्यांची छबी यांविषयी आपले नियम ठरवले. धान्य किंवा पैसे वाटताना माणूस तोच आहे ना, हे पाहण्यासाठी ठसा घ्यायचा झाला, तर तो त्या माणसाच्या हातात राहणाऱ्या कार्डातच ठेवायचा. समितीने आपल्या संगणकात त्याचा साठा करायचा नाही. बेपत्ता माणसांचा शोध घेणे किंवा मृतांची ओळख पटवणे, अशा मोजक्या कामांनाच यातून सवलत. ज्याच्याजवळ ठसेच नाहीत, त्याच्याकडून उद्या एखाद्या सरकारने किंवा टोळीने ते मागितले तरी तो देणार काय? (आपल्या रेशनच्या दुकानात भांडी घासून झिजलेला अंगठा उमटत नाही म्हणून म्हाताऱ्या बायांना परत यावे लागते, तो विषय वेगळा, पण तो निघाला की माझे बोलणे लांबते, म्हणून सोडते.)

इतकी काळजी घेऊनही २०२२ साली घरात चोर शिरलाच. १८ जानेवारीला समितीच्या लोकांच्या लक्षात आले की, आपल्या संगणकांत कोणीतरी परके वावरते आहे. तपासात कळले की, ते ९ नोव्हेंबर २०२१ पासूनच आत होते. सत्तर दिवस! आणि त्यांनी हात घातला तो कशात, तर ताटातूट झालेल्या कुटुंबांचा शोध घेण्याच्या नोंदींत. ५ लाख १५ हजारांहून अधिक माणसांची माहिती तीत होती. आईबापांपासून हरवलेली मुले, कैदेत असलेले लोक, लढाईतून पळून आलेले, बेपत्ता झालेले आणि त्यांचे शोध घेणारे नातेवाईक. साठावर देशांतल्या रेडक्रॉस आणि रेड क्रेसेंट संस्थांनी ही माहिती जमवलेली होती.

पैशांची चोरी आपल्याला समजते. पण या माहितीला बाजारात मोल काय? मोल आहे. जो माणूस कोणाच्या भीतीने पळून लपला आहे, त्याचा ठावठिकाणा त्यात आहे. त्याने तो रेडक्रॉसला सांगितला, कारण त्याला आपली आई शोधायची होती.

आता अशा वेळी त्या मोठ्या पदावरचा माणूस करतो काय, हे पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, ती सगळी यंत्रणाच बंद केली. हे सोपे नव्हे. त्या काळात या कामातून दिवसाला सरासरी बारा हरवलेल्या माणसांची घरच्यांशी गाठ पडत असे. यंत्रणा बंद म्हणजे तेवढ्या गाठी लांबल्या. चालू ठेवावी, तर चोर आत. दोन्हींपैकी कमी नुकसानीचे काय, हे काही तासांत ठरवायचे. दुसरी गोष्ट, १९ जानेवारीलाच जगापुढे सांगून टाकले की, आमच्याकडे असे झाले आहे. पुष्कळ कंपन्या अशा गोष्टी महिनोन्‌महिने झाकून ठेवतात. फेब्रुवारीत समितीने आणखी तपशील दिला. आत शिरायला ज्या भोकाचा उपयोग झाला, ते बुजवण्याचे साधन उपलब्ध होते, दर वर्षी अशी हजारो भोके बुजवलीही जातात, पण हे एक वेळेवर बुजवले गेले नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. चोरांनी आणलेली हत्यारे खास याच कुलपासाठी घडवलेली होती, हेही खरे. तरी पहिली गोष्ट लपवली नाही, याचे मला कौतुक वाटते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. ज्यांची माहिती गेली, त्यांना कळवायला हवे होते. ज्याला घर नाही, पत्ता नाही, त्याला कसे कळवणार? कोणाला दूरध्वनी केले, कोणाला पत्रे पाठवली, आणि जिथे यांतले काहीच पोचत नाही अशा दूरच्या वस्त्यांत माणसे स्वतः जाऊन सांगून आली. म्हणजे जगातली एवढी अद्ययावत यंत्रणा, पण शेवटी कोणीतरी पायाला धूळ लावून गेले आणि समोर बसून म्हणाले, 'बाई, तुम्ही आम्हाला जे सांगितले होते, ते कोणीतरी पाहिले आहे. तुम्ही सांभाळून राहा.'

नंतर यंत्रणा दुरुस्त होऊन काम पुन्हा सुरू झाले. ते थांबण्यासारखे नाहीच. २०२४ च्या अखेरीस या संस्थांकडे बेपत्ता म्हणून नोंदलेल्या माणसांची संख्या २ लाख ८० हजारांच्या वर गेली होती. प्रत्येक नोंदीमागे एक विचारणारी आहे.

भगिनींनो, इतके सांगितल्यावर आपल्या कपाटातल्या एका वहीविषयी बोलणे मला भाग आहे.

आपल्या मंडळाकडे सभासदांचे रजिस्टर आहे, भिशीचे आहे, आणि तिसरे साहाय्य निधीचे आहे. त्या तिसऱ्यात ज्या भगिनींना आपण मदत केली, त्यांची नावे, रक्कम आणि 'कारण' असा रकाना आहे. तो रकाना मी वाचलेला आहे, कारण दोन वर्षे ते काम माझ्याकडे होते. कोणाच्या नवऱ्याचे पिणे, कोणाच्या मुलीचे मोडलेले लग्न, कोणाचा आजार जो घरातही सांगितलेला नाही, हे सारे त्यात शाईने लिहिलेले आहे. आता दोन सूचना आल्या आहेत. एक, देणगीदारांची नावे छापतो तशी यंदाच्या स्मरणिकेत मदत मिळालेल्यांचीही यादी छापावी, म्हणजे हिशेब उघडा राहील. दुसरी, तिन्ही रजिस्टरांचे फोटो काढून मोबाईलवरच्या आपल्या गटात टाकावेत, म्हणजे कोणालाही केव्हाही पाहता येईल.

सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांना ते कुठे गेले हे विचारण्याचा हक्क आहे, हेही मला मान्य आहे. पण गटात आपण शंभरावर बाया आहोत, आणि शंभर मोबाईल घरात कोणाकोणाच्या हाताला लागतात, हे मी सांगायला नको. मागे एका ठिकाणी, आपल्या मंडळाचे नव्हे, हळदीकुंकवात एका बाईच्या मदतीचा उल्लेख चारचौघींत झाला. कोणी वाईट हेतूने केला नव्हता. त्यानंतर ती बाई त्या मंडळाची पायरी चढली नाही. पुढे तिच्या घरी आणखी कठीण प्रसंग आला, तेव्हाही आली नाही. तिच्याबरोबर आणखी किती थांबल्या असतील, त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

म्हणून माझी सूचना अशी: स्मरणिकेत किती भगिनींना, एकूण किती रुपयांची मदत झाली, एवढेच छापावे. नावे तपासण्यासाठी वर्षाला दोन भगिनी निवडाव्यात, आणि त्यांनी सही करून हिशेब बरोबर आहे असे सांगावे. देणगीदारांना तेवढे पुरेल. तिसऱ्या रजिस्टराचा फोटो कोणी काढू नये. ज्यांना मदत मिळून तीन वर्षे झाली, त्यांच्या नोंदींतले नाव काढून फक्त रक्कम ठेवावी. आणि पुढच्या वर्षी नवे रजिस्टर आखताना 'कारण' हा रकानाच आखू नये. कारण ऐकायला हवे, ते एकीने किंवा दोघींनी ऐकावे. लिहायला काही नको.

चिटणीसबाईंनी ही सूचना आजच्या इतिवृत्तात घ्यावी, आणि कोणी अनुमोदन देत असेल तर तिने हात वर करावा.